चंपतरावच्या ओट्याचं पान

१४ मे, बुधवार

धरणात बुडालेलं साजटोला पाण्याबाहेर आलं. रीनाने दुपारी पाऊणला फोन करून सांगितलं. धरणावरच्या अभियंत्याकडून तिने खात्री करून घेतली होती. दरवाज्यांची दुरुस्ती ५ जूनपर्यंत, मग पाणी पुन्हा चढणार. त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा गावाची जमीन उघडी पडली आहे. पारशिवनीच्या पुढे, आणि म्हणे नुसता चिखल. एकही भिंत उभी नाही.

रीना आमच्या मागच्या गल्लीत राहते, सदरला कॉम्प्युटरच्या ऑफिसात जाते. साजटोला तिच्या सासरचं गाव. सासू कौशल्याबाई, एकाहत्तरच्या. मूल होत नव्हतं तेव्हा त्यांनी गावदेवीला, मातामायला, नवस बोलला. मुलगा झाला. नवस फेडायच्या आत गाव उठलं! तो मुलगा, म्हणजे रीनाचा नवरा, आता चव्वेचाळीसचा. घरात काही बिनसलं की बाईंचं एकच — "मायचं राहून गेलं नं, मंग कसं होईन बरं?" ५ जूनच्या आत त्यांना मातामायच्या जागेवर नैवेद्य ठेवायचा आहे. जागा सापडायला हवी.

गावकऱ्यांच्या आठवणी रीनाने एका विकीवर जमवल्या आहेत. विकी म्हणजे कोणीही लिहावं, कोणीही खोडावं अशी वही. घरागणिक एक पान, एकशे बारा घरं, शिवाय विहिरीसारख्या जागा. "काका, तुम्ही पेपरात होते. लावून द्या न नीट!" छत्तीस वर्षं डेस्कवर बातम्याच लावल्या. हो म्हणालो.

१५ मे

काही कळलं नाही.

१६ मे, शुक्रवार

आज क्रमाने गेलो. कवडूचं घर — "बळीरामच्या मागे." बळीराम या शब्दावर बोट ठेवलं की बळीरामचं पान उघडतं. तिथे — "कवडूच्या पुढे." झालं! तिसरं घर "बळीरामकडून विहिरीकडे जाताना." विहीर — "कवडूच्या मागून जवळ." तासभर गोल फिरलो. कोण कोणाशेजारी ते सगळ्यांना पाठ. गाव कुठे, ते एकानेही लिहिलेलं नाही.

त्यात कवडूची दोन पानं, "कवडूचं घर" आणि "कवडू मास्तरचं घर". माणूस एकच. दोन्हीकडे वेगळी माहिती, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही.

गट पाडून पाहिले. "वरची टोली", म्हणजे वरची आळी, हा गट "वस्ती"त टाकला. थोड्या वेळाने पाहतो तर "वस्ती" वरच्या टोलीत. कोणी केलं? मीच असणार.

अरुंधती चहा ठेवून गेली. "अहो, एका गावात जायला इतक्या खिडक्या उघडाव्या लागतात?" मोजल्या. एकोणीस होत्या.

१८ मे, रविवार

पानांत जागोजागी लाल शब्द आहेत. बाकी निळे. लाल शब्दावर गेलं की काहीच येत नाही, कोरं. चूक आहे हे उघड. लाल म्हणजे काट, हे तर हाताला ठाऊक! चौसष्ट लाल शब्द काढले. जिथे वाक्य लंगडं झालं तिथे वाक्यच उडवलं. पहिल्यांदा पानं स्वच्छ दिसताहेत.

२० मे, मंगळवार

रीना सकाळीच दारात. हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं.

"काका, हे काय करून राहिले तुम्ही?"

"चुका काढल्या."

"चुका नाही न त्या! लाल म्हणजे ज्याचं पान अजून कोणी लिहिलंच नाही ते. लोकांनी नाव घेतलं, पान नाही. तेच तर पाहिजे होतं आपल्याले!"

म्हणजे गावाने ज्याचं ज्याचं नाव घेतलं होतं, नेमकं तेच मी कापून टाकलं होतं.

रागावली नाही. प्रत्येक पानाचा इतिहास जपलेला असतो म्हणे. माझी कापाकापी तिने दहा मिनिटांत परत फिरवली. मग एक यादी उघडून दाखवली — न लिहिलेली पानं, जास्त वेळा नाव आलेलं वर. पहिलंच नाव: "चंपतरावचा ओटा". एक्केचाळीस पानांतून त्याचं नाव. कवडू ओट्यासमोर, बळीराम ओट्याच्या पलीकडे, विहीर ओट्यावरून दिसायची. आणि मातामाय — "ओट्याच्या उजव्या हाताला, वीस पावलं."

सगळं गाव त्या ओट्यापासून मोजलेलं आहे, आणि ओट्याचं पान नाही. इतकं ओळखीचं, की लिहावंसं कोणाला वाटलं नसेल. डेस्कवरही हेच व्हायचं. जे सगळ्यांना माहीत ते बातमीत राहून जायचं.

२२ मे, गुरुवार

ते पान मीच लिहायला घेतलं. माहितीसाठी कौशल्याबाईंकडे गेलो. तांदूळ निवडत होत्या. ओटा म्हणताच हात थांबला.

"मी त्याचं नाव नाही घेत."

"आई, ओट्याचं विचारून राहिले काका," रीना म्हणाली.

"ओटा त्याचाच नं वं? धरनाले जमिनी द्याच्या कागदावर पहिला अंगठा त्यानं देल्ला. सरपंच ना कोनी, अन् पहिला अंगठा! मंग आठ दिवसात साऱ्या गावानं देल्ले. आमच्या घरच्यायनं बी."

"मग त्याचा एकट्याचाच दोष कसा?"

"पहिला त्याचा होता." आणि पुन्हा तांदूळ.

म्हणजे माझा अंदाज साफ चुकला. पान लिहायचं राहून गेलं नव्हतं. एक्केचाळीस जणांनी ओट्याचा आधार घेतला आणि ओटेवाल्याबद्दल एक ओळ लिहिली नाही. रीनालाही हे आजच कळलं.

२४ मे, शनिवार

चंपतराव हयात आहे! तालुक्यातला आमचा जुना वार्ताहर आनंदराव याच्याकडून कळलं — वय अठ्ठ्याऐंशी, पारशिवनीत नातीजवळ राहतो. नंबर मिळाला. लावला.

"पेपरवाले का? त्रेचाळीस वर्षात गावातल्या कोनी फोन नाही केला, अन् तुमी काहून करता गा?"

मातामायच्या जागेचं विचारलं. कोणासाठी, तेही सांगितलं.

"कौशल्येले म्हना, तिनं इचारावं. घरी येऊन. दुसऱ्याच्या तोंडून नाही सांगत मी."

२५ मे

बाईंना निरोप सांगितला. "पाय तुटले तरी त्याच्या दारात नाही जात."

२८ मे, बुधवार

शेवटी त्याच्याविनाच साजटोल्यावर गेलो. रीना, तिचा नवरा, कवडू, बळीराम, मी. कौशल्याबाईंना खुर्चीत बसवून चिखलातून नेलं. मांडीवर दहीभाताचा डबा, नारळ, लिंबू.

कवडू एका जागी उभा राहिला. "इथं होता ओटा."

बळीराम दोनशे पावलं लांब. "अबे, तिथं तं माही गाय बांधत होतो मी! ओटा हा इथं."

"तुही गाय ओट्यावर चढत होती का रे?"

हसलो सगळे. नंतर कोणी हसलं नाही. माझ्याजवळ छापलेली पानं होती. एक्केचाळीसही पानं दोघांच्या बाजूने बोलत होती. ओटा धरला तर गाव लागतं. ओटा कुठे धरायचा?

बाई कधी इकडे बघत, कधी तिकडे. ऊन वाढलं. "कुठं ठेवू रे?" त्यांनी मुलाला विचारलं. त्याला काय माहीत — गाव उठलं तेव्हा तो वर्षाचा.

डबा तसाच परत आला.

३० मे

पान उघडतो. "चंपतरावचा ओटा." खाली कोरं. बंद करतो.

२ जून, सोमवार

पाच तारखेला तीन दिवस. रीनाचा सकाळी फोन: "काका, आई रात्री जेवल्या नाही. आता लुगडं बदलून दारात बसल्या. म्हणतात, चाल वं, पारशिवनीले नेऊन दे. मी सुट्टी टाकली." पुढे काय होईल ते तिलाही सांगता येईना. दिवसभर फोनजवळ बसलो. काही आलं नाही.

३ जून, मंगळवार

मातामाय साजटोल्यात नाहीच. कौशल्याबाईंनी स्वतः पारशिवनीहून फोन करून सांगितलं. गाव उठलं त्या दिवशी चंपतरावने घरची भांडी बैलगाडीतून उतरवली आणि मातामायचा दगड गाडीत घातला. तेव्हापासून त्याच्या अंगणात आहे. रोज पाणी घालतो. गावातलं कोणी दारात गेलं नाही, म्हणून कोणाला कळलं नाही.

नैवेद्य त्याच अंगणात, रविवारी सकाळी आठला. रीनाने एकशे बारा घरांना निरोप धाडले आहेत. अजून एकाचंही उत्तर नाही. चंपतराव मांडव साऱ्या गावापुरता घालणार आहे.