पन्हळीवरची जाळी

५ नोव्हेंबर

ढापण्या आला नाही.

शिडी सकाळीच भिंतीला लावून ठेवली होती. चहाचं आधण दोनदा आटलं. सून म्हणाली, "बाबा, यायचे असते तर एव्हाना आले असते." मला कळत नाही का ते!

७ नोव्हेंबर

आज नीट लिहून काढतो. तेवढाच राग उतरला तर उतरला.

भिंतीपलीकडचं झाड त्याचं. पानं मात्र माझ्या कौलांवर. छपराचे दोन उतार जिथे मिळतात तिथे पत्र्याची पन्हळ आहे, नेमकी माझ्या खोलीवर. पानगळीत ती तुंबते. मग पाऊस पडला की पाणी कौलांखाली शिरतं आणि माझ्या उशीशी ठिबकतं. म्हणून आमच्यात ठरलेलं — झाड ज्याचं, पन्हळ त्याने साफ करायची. वर्षभर आम्ही एकमेकांच्या दारात पाऊल टाकत नाही. कुठलं तरी जुनं भांडण. कशावरून, ते आता दोघांनाही धड सांगता येणार नाही. पण पानगळीतल्या एका रविवारी तो येतो म्हणजे येतोच. तो वर चढतो, मी शिडी धरतो. कुजक्या पानांचे लगदे तो बरोबर माझ्या डोक्यावर टाकतो आणि मग ओरडतो, "कवड्या, सरक!"

वर्गात कविता करायचो म्हणून मी कवड्या. जाड भिंगांचा चष्मा म्हणून तो ढापण्या. या नावांनी हाक मारणारं आता दुसरं कोण उरलंय?

मग मी खालून ओळ सोडतो. मास्तर पहिल्या रांगेकडून म्हणून घ्यायचे ती —

वाऱ्या, वाऱ्या, हळू वाहा

आणि वरून, दुसऱ्या रांगेचा म्हणून, त्याचा फाटका आवाज —

पान निजले आहे, पाहा!

दोन म्हातारे, एक शिडी. खाली अंगणात ओल्या पानांचा वास. क्षणभर वाटायचं, आता घंटा होणार आणि आपण दप्तरं उचलून पळणार.

यंदा नाही. असो.

९ नोव्हेंबर

माणूस पाठवला! भाड्याचा माणूस!

दारात एक जण झाडू घेऊन उभा. "पलीकडच्या आजोबांनी पाठवलंय. पन्हळ साफ करायची ना? मजुरी मिळालीय मला."

"ते स्वतः का नाही आले?"

"मला काय माहीत? मला झाडू मारायला सांगितलं, मी आलो."

म्हटलं, आल्या पावली परत जा. आणि सांग त्यांना, आमच्या घरी झाडू आहे.

संध्याकाळी मुलगा समजूत घालायला बसला. "काकांची तब्येत बरी नसेल, बाबा. एकदा जाऊन या ना." कसली तब्येत! काल अंगणात खुर्ची टाकून बसला होता ऐटीत. मी खिडकीत उभा. त्याचं तोंड माझ्याच दिशेला. मी हातसुद्धा वर केला — एवढ्या वर्षांत पहिल्यांदा! साधी मान हलवली नाही त्याने. दगडासारखा बघत राहिला.

माझा हात तसाच वर. शेवटी डोकं खाजवल्यासारखं केलं.

१२ नोव्हेंबर

रात्रभर अवेळी पाऊस. व्हायचं तेच झालं. उशी भिजली, गादी भिजली. आणि उशाशी असतं ते शाळेतलं कवितांचं पुस्तक — फुगून दुप्पट झालं. त्यात मास्तरांच्या चित्राला ढापण्याने मिशा काढल्या होत्या. त्या मिशांची शाई पानभर पसरली.

सून पंख्याखाली एकेक पान सुटं करत बसली होती. म्हटलं, राहू दे. नाही वाळायचं ते.

ठरलं! जाळी बसवून घेणार. पुन्हा त्या ढापण्याची वाट बघणं नको.

१५ नोव्हेंबर

जाळीवाला आला. सडपातळ, बडबड्या. आधी पन्हळीतला गाळ उपसला — तीन घमेली. मग बारीक भोकांच्या जाळीची गुंडाळी उलगडून कात्रीने कापत सुटला. मी खालून म्हटलं, पत्र्यात स्क्रू मारून टाक, म्हणजे हलायला नको.

"आजोबा, पत्र्याला भोक पाडलं तर तुमच्या खोलीत छत्री घेऊन झोपा!"

जाळीच्या कडा दोन्हीकडच्या कौलांखाली सरकवायच्या, पण कौल उचललं जाता कामा नये. आणि मधे ताणून बसवायची. खोलगट राहिली तर पानं तिच्यातच साचतात. ताणलेली असली की पान पडतं, सुकतं, वाऱ्याने उडून जातं. चांगलं आहे. पान यावं, क्षणभर टेकावं, जावं. कोणी कोणाच्या उरावर साचू नये.

शिडी मीच धरली. सवयीने ओळ ओठांवर आली. गिळली.

१६ नोव्हेंबर

काम संपलं. जाळीवाला चहा पिता पिता म्हणाला, "पलीकडचे आजोबा लई चौकस आहेत. मी वर खटपट करतोय, तर खालून विचारतात, काय चाललंय?"

"मग?"

"म्हटलं, जाळी बसवतोय. तर म्हणाले, म्हणजे आता वर चढायला नको? म्हटलं, तसं कसं? जाळीवर अडकलेली पानं वर्षातून एकदा झाडावीच लागतात. तर पुन्हा विचारलं — म्हणजे चढावं लागणारच? म्हटलं, लागणारच की."

"आणि?"

"गप्प बसले."

गप्प बसला! मनात हसला असणार. कवड्याची फजिती! जाळी बसवली तरी शिडी सुटली नाही, हेच ऐकायचं होतं त्याला. बघ, ढापण्या. पुढच्या वर्षी मीच चढेन. एकटा. तुझ्या डोळ्यांदेखत.

२० नोव्हेंबर

सकाळपासून करवत चालू आहे. झाड पाडतोय तो.

दुपारपर्यंत फांद्या उतरल्या. संध्याकाळी नुसतं खोड उभं. माझ्या खिडकीत एवढं आभाळ कधी नव्हतं. डोळे दिपतात. त्याच झाडाखाली पाटीवर पान ठेवून कडेने पेन्सिल फिरवायला त्याने मला शिकवलं होतं.

माझ्या जाळीचा एवढा राग? मी जाळी ताणली, म्हणून याने झाडच तोडलं? उद्या जातो. आयुष्यभराचं एकदाच बोलून मोकळा होतो.

२१ नोव्हेंबर

गेलो. अंगणात खुर्चीत बसला होता. चष्मा नव्हता. शाळेपासून पहिल्यांदा त्याला तसा पाहिला. मी पुढ्यात जाऊन उभा राहिलो, तरी म्हणाला, "कोण?"

भांडायला आलो होतो. ओळ तेवढी बाहेर पडली — वाऱ्या, वाऱ्या, हळू वाहा.

त्याने दुसरी ओळ म्हटली नाही. हात चाचपडत पुढे आला, माझी बाही सापडली, ती घट्ट धरली.

"मला आता शिडी दिसत नाही, कवड्या. आणि झाड राहिलं असतं, तर तू एकटा चढला असतास, गाढवा. खाली धरायला कोण होतं?"