दोन आसनांच्या गाडीतलं बिऱ्हाड

चिरंजीव वेगमूर्ती यांस,

तुझ्या भावोजींचे अनेक आशीर्वाद. (वयानं मोठा असल्यामुळे ते मला द्यावेच लागतात. मनापासून किती दिले, हे पत्र संपल्यावर तूच ठरव.) तुझी नवी नोकरी, तिकडची हवा आणि तुझं नाजूक पोट ही तिन्ही एकमेकांना सांभाळून घेत असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही सारे सुखरूप आहोत. तुझी ताई बरी आहे, तुझी आई बरी आहे, माझी कंबर सोडली तर मीही बरा आहे, आणि कंबर ज्या कारणानं बरी नाही त्या कारणासंबंधीच हे पत्र आहे.

तुला आठवत असेल, निघायच्या दिवशी तू माझ्या तळहातावर एक किल्ली ठेवलीस आणि म्हणालास, "भावोजी, आईला तुमच्याकडे आणायचं काम तेवढं तुम्ही करा. गाडी आहेच. एका फेरीत होईल." तुझ्या वडिलांची ती ऐसपैस जुनी गाडी, जिच्या मागच्या भागात तुम्ही दोघं भावंडं लहानपणी गादी टाकून झोपत होता, ती तू विकून टाकलीस हे कोणाला सांगितलं नव्हतंस. मी खाली गेलो तर फाटकाशी लाल रंगाचं काहीतरी जमिनीला पोट लावून पडलेलं. मला आधी वाटलं गाडीचं टायर बसलंय. मग कळलं, चारही ठीक आहेत, उंचीच एवढी आहे.

पुढचं झाकण उघडलं की इंजिन दिसतं, अशी माझी पन्नाशीपर्यंतची समजूत. तुझ्या गाडीचं झाकण उघडलं तर आत नुसता खड्डा! इंजिन चोरीला गेलं म्हणून मी आमच्या गॅरेजवाल्याला धावत बोलावून आणलं. तो माझ्याकडे करुणेनं बघत म्हणाला, "सर, इंजिन तुमच्या पाठीमागं आहे. सीट आणि मागची चाकं यांच्या मधे. वजन बरोबर वाटलं जातं, वळणावर गाडी जमीन सोडत नाही." मी विचारलं, "आणि सामान?" तो म्हणाला, "सामान घर सोडत नाही." मध्यमपदलोपी समास मी आयुष्यभर शिकवला. त्यात मधलं पद गळतं आणि दोन्ही टोकं टिकतात. तुझी गाडी हा त्याचा उलटा प्रकार आहे. मधलं पद सगळी जागा अडवून बसलंय आणि दोन्ही टोकं लोप पावलीत. पुढचा तो खड्डा आणि इंजिनामागची एक अरुंद फट, यांना मिळून कंपनीनं 'सामानाची जागा' म्हटलंय. आमच्या शास्त्रात याला अध्याहृत म्हणतात. म्हणजे नाही, पण आहे असं धरून चालायचं.

एवढ्यावर मी एक छोटा ट्रक ठरवून मोकळा झालो असतो. (आमची स्वतःची गाडी तेव्हा गॅरेजमधे उघडी पडली होती, तिचे अवयव फडक्यावर मांडलेले.) पण तुझ्या आईनं ट्रकचं नाव निघताच हातातली कात्री खाली ठेवली. तुला ठाऊक आहे, त्या कात्री खाली ठेवतात तेव्हा विषय संपलेला असतो. गेल्या वर्षी न्हाणीघरात पडल्यापासून डॉक्टर, तुझी ताई आणि तू, तिघांनी मिळून त्यांच्यामागे लकडा लावला होता की तिसऱ्या मजल्यावर एकटं राहणं आता पुरे. त्यांनी 'नाही' असं कधीच म्हटलं नाही. 'बघू' म्हणत राहिल्या, आणि त्यांच्या 'बघू'ला माझ्या माहितीत दुसरा अर्थ नाही. त्या दिवशी मात्र म्हणाल्या, "ट्रक दाराशी लागला की सगळ्या जिन्याला कळतं, म्हातारी निघाली. गाडी आली तर म्हणतात, लेकीकडे चाललीय. गाडीत मावेल तेवढंच नेईन, आणि संध्याकाळी मला परत आणून सोडायचं." ही त्यांची अट. तुझी ताई डोळ्यानं मला खुणावत होती, की हो म्हणा, निदान सुरुवात तरी होईल. मी हो म्हणालो. तेव्हा त्या गाडीत काय मावतं याचा अंदाज मला होता, त्यांना नव्हता.

पहिल्या फेरीला तुझ्या आईनं दोन ट्रंका, गाद्यांची वळकटी आणि पितळी दिवा खाली आणवला. फाटकाशी सगळं मांडलं आणि मी पुढचं झाकण उघडलं. त्या खड्ड्यात वाकून बघत त्या म्हणाल्या, "हे काय, हातमोज्यांसाठी आहे का?" ट्रंका वर गेल्या. वळकटी वर गेली. मग प्रश्न आला खुद्द सासूबाईंचा. तुझ्या गाडीत माणूस चढत नाही, उतरतो. आणि बाहेर येताना उगवावं लागतं. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं त्यात कसं जावं? त्यांनी शिवणकामातलं डोकं वापरून तोडगा काढला. दारापाशी एक ठेंगणं स्टूल ठेवायचं, त्यावर बसायचं, दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे आणि मग घसरायचं. तोडगा नामी होता. पण पोचल्यावर बाहेर येतानाही ते स्टूल लागणार, म्हणून ते बरोबर घेणं आलं. आणि स्टूल ठेवल्यावर पुढचा खड्डा भरला. तेव्हा पहिल्या फेरीत तुझ्या आईच्या संसारातून आमच्याकडे आला तो फक्त पितळी दिवा, तोही त्यांच्या मांडीवर बसून.

तेव्हापासून हाच क्रम. मी शाळेतून सुटलो की जातो, त्या मांडीवर काहीतरी घेऊन बसतात, आणि आम्ही निघतो. एकदा घड्याळ, एकदा तुझ्या वडिलांचा कोट, एकदा काचेची बरणी, एकदा नुसती गुंड्यांची पेटी. तुझ्या ताईला या गाडीत जागाच नाही, त्यामुळे मायलेकींनी ज्या गोष्टी बोलायच्या त्या ऐकायला मी एकटा असतो. तळमजल्यावरच्या बाई खिडकीतून रोज विचारतात, "लेकीकडे?" आणि सासूबाई रोज मान डोलावून सांगतात, "हो, लेकीकडे. येतेच संध्याकाळी." गतिरोधक आला की गाडीचं पोट खरवडतं, सासूबाई "आई गं" म्हणतात, आणि ते गाडीच्या वतीनं असतं.

मागच्या फटीचा उपयोग आम्हाला उशिरा कळला. एकदा मी तिथं मेणबत्त्यांचा पुडा आणि पांढऱ्या उशांचे अभ्रे ठेवले. इंजिन शेजारीच आहे ही गोष्ट मी विसरलो. घरी येऊन उघडलं तर मेणबत्त्या आपला आकार सोडून अभ्र्यांशी एकरूप झालेल्या. (अद्वैत मला समजावून सांगता येतं, धुता येत नाही.) मी ओशाळलो. सासूबाईंनी शांतपणे मेण खरवडलं, अभ्र्यावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "गरम आहे हो मागं." दुसऱ्या दिवशी त्यांनी पिळून घड्या घातलेल्या दमट चादरी आणल्या आणि मला मागचं झाकण उघडायला लावलं. आमच्याकडे पोचेपर्यंत चादरी कोरड्या, वर कडक घडी. आता त्यांचं मत असं की गाडी म्हणून ही वस्तू टाकाऊ आहे, पण इस्त्री म्हणून चांगली आहे.

आता थोडं गंभीर. गेली वीसेक वर्षं मी तुझ्या आईचा जावई आहे, आणि या वर्षांत आमच्यात जे बोलणं झालं ते "बसा", "बसतो", "निघता?", "निघतो" एवढ्यात आटोपतं. तुझ्या गाडीत तर तेही शक्य नाही, कारण इंजिन मानेमागे बसून सतत आपलंच म्हणणं मांडत असतं. फक्त सिग्नलला गाडी थांबली की ते जरा नरमतं. तेव्हा सासूबाई एक वाक्य बोलतात. दिवा हिरवा झाला की गप्प. उरलेलं पुढच्या सिग्नलला. एकदा लाल दिव्याशी त्या म्हणाल्या, "हे जाण्याच्या आदल्या आठवड्यात मला म्हणाले होते, माझ्यामागं हे घर..." आणि हिरवा झाला. त्या दिवशी पुढचे सगळे सिग्नल हिरवेच लागले. वाहतुकीचा असा राग मला जन्मात आला नव्हता. मी एके ठिकाणी मुद्दाम हळू केलं, तर मागच्यानं हॉर्न वाजवून मला पुढं ढकललं. दुसऱ्या दिवशी त्याच चौकात, त्याच दिव्याशी त्यांनी वाक्य पुरं केलं, "...माझ्यामागं हे घर धरून बसू नकोस, म्हणाले." पुढच्या सिग्नलला त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी कुठं धरून बसलेय? तेच मला धरून बसलंय."

असो. तुझ्या गाडीचं गुणवर्णन पुरे झालं. तिच्यात सामान मावत नाही, माणूस मावला तर निघत नाही, आणि एवढंसं बिऱ्हाड हलवायला ती अख्खा ऋतू खाते. माझ्या कमरेचा विचार करून, सुट्टी मिळताच येऊन ही वस्तू घेऊन जा, एवढंच सांगण्यासाठी हे लिहिलं. तिकडे जपून राहा. पोटाला सांभाळ.

तुझा
भावोजी

ता. क. वर 'ही वस्तू घेऊन जा' म्हटलं ते तूर्त विसर. गाडी न्यायला एवढ्यात येऊ नकोस, आणि येतोस असं आईला फोनवर कळवूही नकोस. त्यांच्या तीन खोल्या आता जवळजवळ रिकाम्या झाल्यात, ट्रंकेतले कपडेसुद्धा घडीघडीनं मांडीवर बसून आले. नेण्यासारखं राहिलंय फक्त शिवणयंत्र. ते लाकडी पेटीसकट पुढच्या खड्ड्यात ठेवलं तर झाकण लागत नाही, मागं ठेवावं तर फट अरुंद, आणि मांडीवर घ्यायचं म्हटलं तर त्यांचे गुडघे जातील. म्हणजे ते येणार असेल तर शेजारच्या आसनावरूनच येणार, आणि आसनं दोनच आहेत. यंत्र आलं तर त्या येऊ शकत नाहीत, त्या आल्या तर यंत्र येऊ शकत नाही. आणि यंत्र जिथं, तिथं त्या, हे तुला मी सांगायला नको. यावर त्या 'बघू' म्हणाल्यात.

ता. क. २. तुझ्यापासून काय लपवायचं? आमची स्वतःची गाडी केव्हाच दुरुस्त होऊन आलीय. तिची डिकी एवढी आहे की सगळं बिऱ्हाड दोन खेपांत आलं असतं. ती मी शाळेच्या मागल्या अंगणात, ग्रंथालयाच्या भिंतीआड उभी करून ठेवलीय. तुझ्या ताईला माहीत आहे, तिनंच वरून कापड घालायला सांगितलं. आईला अक्षर बोलू नकोस. मोठी गाडी आली की बिऱ्हाड हलेल, पण त्या हलतील असं मला वाटत नाही.

ता. क. ३. पाकीट बंद करायचं राहून गेलं ते बरं झालं. आज संध्याकाळी मी नेहमीसारखी किल्ली उचलली, त्यांना परत सोडायला. त्या आमच्या खिडकीशी बसून तुझ्या ताईच्या झग्याची शिवण उसवत होत्या. डोकं वर न करता म्हणाल्या, "जावईबापू, ग्रंथालयामागची तुमची ती गाडी पावसापाण्याची गंजेल हो. कापड पातळ आहे." (इतकी वर्षं पोरांना कानकोंडं केलं, त्याची परतफेड झाली.) मी म्हणालो, "मग उद्या तीच काढतो. यंत्र मागं ठेवू, तुम्ही पुढं बसा." त्या म्हणाल्या, "कशाला? लहानच न्या. यंत्र बसेल माझ्या जागेवर." आणि शिवण उसवत राहिल्या. "आत्ताच गेलात तरी चालेल. मी आहे इथं."

मी गेलो. यंत्र जिन्यावरून खाली आणलं, शेजारच्या आसनावर ठेवलं. पट्टा लावेपर्यंत तुझी गाडी केकाटत राहिली. माणूस आणि यंत्र यांतला फरक तिला कळत नाही. मग शिवणयंत्राला पट्टा लावला. स्टूलही घेतलं, सवयीनं. तळमजल्यावरच्या बाईंनी खिडकीतून बघितलं, यंत्राकडे, मग माझ्याकडे. "आज एकटेच? आणि त्या?"

मी म्हणालो, "घरी आहेत."