कोपऱ्यातली घूं

१२ जानेवारी
गाण्याचा नवा सेट बसला. मंचरचा मेकॅनिक जाताना म्हणाला, "मावशी, आख्ख्या लोणी गावात असा आवाज न्हाई." बरं वाटलं. ह्यांच्या भजनाच्या कॅसेटी लेकीनं, सुनीनं, चाकणला नेऊन पेनड्राइव्हवर भरून आणल्यात. पहिला अभंग लावला. ह्यांचा पखवाज असा, की पलंगाच्या पायथ्याशी बसून वाजवतायत. रडले. मग बटण जरा फिरवून परत लावला. मग परत.

१५ जाने.
धुमेवर, पखवाजाच्या डाव्या बाजूच्या कातड्यावर, थाप पडली की मागं बारीक घूं होतं. वायर बदलली. स्पीकरखाली गोधडीची घडी घातली. माहितीपुस्तक हिंदीत, अक्षर लावून लावून वाचलं. पारगावच्या कारखान्याला ऊस नेणारे ट्रॅक्टर गाणी लावून गेले तर खिडकीच लावून घेतली.
सुनीचा फोन. "आज कुठला अभंग ऐकला?" सांगता येईना. दुपारभर तोच लावत होते.
"आई, तू पप्पांना ऐकतीस का खोक्याला?"
हसून विषय बदलला.

१९ जाने.
घूं सापडली. स्पीकरात नाहीच. कोपऱ्यात ह्यांचा पखवाज आहे, खोळीत. सेट मोठा केला की त्याची धूम आपोआप थरथरते. वर हात ठेवला, थांबली.
मागची कांदे साठवायची चाळ रिकामीच आहे, तिथं नेऊन ठेवला. आता आवाज स्वच्छ. संध्याकाळी देवळात भजन होतं. गेले नाही, सेट ऐकत बसले.

२ फेब्रुवारी
परवा ह्यांचं वर्षश्राद्ध. भाऊजी भजनी मंडळ घेऊन येणार. म्हणाले, "वहिनी, दादाचाच पखवाज वाजवायचा बरं का." हो म्हणाले आणि चाळीत गेले.
उंदरांनी धूम फाडलीय. वाजवताना तिथं कणीक थापतात. ह्यांनी शेवटचं वाजवलं तेव्हाची कणीक तशीच वाळली होती, तिच्यावर ह्यांच्या बोटांचे ठसे होते. म्हणून वर्षभर मी खरवडली नाही. घरात मांजर असते. चाळीत…
मला ठाऊक होतं कणीक आहे ते. नेताना एकदाही मनात आलं नाही.

४ फेब्रु.
मंडळ आलं.
"पखवाज कुठंय, वहिनी?"
"दुरुस्तीला टाकलाय." श्राद्धाच्या दिवशी खोटं बोलले.
मंडळातले बबनराव म्हणाले, "मग सेट लावा की. दादा तरी वाजवंल." लावला. दोन ओळी झाल्यावर सगळे टाळ धरून मागं म्हणायला लागले. लई गोड म्हणत होते. आणि मी म्हणाले, "टाळ जरा हळू. पखवाजाचे बारकावे झाकले जातात."
भाऊजींनी टाळ खाली ठेवले. "वहिनी, आमी भजनाला आलोय का सेट बघायला?"
जेवून सगळे लगेच निघाले.

६ फेब्रु.
सेटवर चादर टाकली. एस.टी.नं जुन्नरला गेले, पखवाज मांडीवर. वाद्यवाल्यानं खोळ काढली.
"ठेवला कुठं व्हता?"
"चाळीत."
"घरात जागा नव्हती?"
नव्हती म्हणाले. तो म्हणाला, "कातड्याची पुडी नवी चढवतो. वाजंल चांगला, पण तोच आवाज मागू नका."

२१ फेब्रु.
पखवाज आणला. त्याच्याच कोपऱ्यात, बिनखोळीचा ठेवला. सेटवरची चादर काढली. तोच अभंग, बटण तेवढंच. थाप पडली. कोपऱ्याकडं कान लावला. काही नाही. जवळ जाऊन बसले, नव्या कातड्यावर बोटं टेकवली. थरथरल्यासारखं वाटलं, पण तो भासही असेल.
तेवढ्यात दारात भाऊजी. सेट बंद केला नाही. त्यांनी आधी पखवाज पाहिला, वाकून धुमेवरून तळवा फिरवला.
"पुडी नवी दिसतीय. जुनीला काय झालं व्हतं?"
"बसा. सांगते."
ते बसले.