सात ठिपके

प्रिय ढापण्या,

चार महिने झाले तुझ्याशी बोलले नाही. तू आपली कामाची खोली सोडलीस तेव्हापासून ती मोठी वाटते. खिडकीची कडी अजून कुणी दुरुस्त केलेली नाही. वारा सुटला की कागद खोलीभर.

आकाशगंगेतला तो वायूचा ढग मी नऊ वर्षं सांभाळला. उणे दोनशे पन्नास अंशांहून गार, तीस हजार सूर्य घडतील एवढा वायू, आणि आत एकही तारा नाही. एवढा वायू आधी गपचूप गोळा होतो आणि मग ताऱ्यांचा अख्खा गुच्छ एका झपाट्यात पेटतो, हे माझं म्हणणं. माझे बाबा दवाखान्यात होते तेव्हाही मी त्यांच्या उशाशी बसून त्याचेच आलेख काढायची, आणि तू डबा घेऊन यायचास. “ताई, आधी खा. ढग कुठे पळून जात नाही.”

म्हणून परिषदेत, तीनशे लोकांसमोर, माझ्या भाषणानंतरच्या प्रश्नोत्तरांच्या वेळी तुझा हात वर दिसला तेव्हा मला हायसं वाटलं. आपला माणूस! तू उठलास आणि नव्या दुर्बिणीचं चित्र पडद्यावर लावलंस. ढगाच्या पोटात सात उबदार ठिपके. जन्माला येणारे तारे. म्हणजे वायू अजून गोळाच होतोय आणि आत तारे केव्हाचे धरू लागलेत. “यांचं काय, मॅडम?” मॅडम!

चुकले ते मीच. त्याचं दुःख नाही. ढगाने काही मला वचन दिलं नव्हतं. पण चित्राच्या कोपऱ्यात तारीख होती. सहा आठवडे ते तुझ्याकडे होतं. सहा आठवडे आपण त्याच खोलीत पाठीला पाठ लावून बसत होतो. भाषणाची तालीमही मी तुझ्यासमोरच केली, आणि तू म्हणालास, “फक्कड झालंय.” केसाने गळा कापतात म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. तुला जी जागा हवी आहे, तिच्या निवड समितीने माझं मत मागवलं. नियमाने हे तुला कळायला नको. दुपारभर कागद पुढ्यात घेऊन बसले. मग लिहिलं: काम चोख आहे, ठिपके खरे आहेत, माझी चूक यानेच दाखवली, याला घ्या. आणि पाठवून दिलं. माणूस कसा आहे, हे त्यांनी विचारलं नव्हतं.

सवयीने तुझीच,
ताई