बिनखिडकीची गाडी

पोर्थवेन, २ मार्च

प्रिय इमलिन,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तू आणि डेलिथ बरे असाल. तुझा गुडघा कसा आहे? इकडे वारा अजून बोचतोच आहे, पण टेकडीवर कोकरं दिसू लागली आहेत. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे.

आईचं घर ठरल्याप्रमाणे एप्रिलअखेर रिकामं करते. घेणाऱ्यांना म्हणावं, निर्धास्त राहा, म्हातारी दाराला धरून बसणार नाही. "नेस्टा, तुला एकटीला लागते कितीशी जागा, एखादी खोली बघ ना," असं तू म्हणाला होतास. बघितली. या किनाऱ्यावरच्या सगळ्या खोल्या उन्हाळी पाहुण्यांसाठी राखलेल्या आहेत. तेव्हा मी एक जुनी मालवाहू गाडी घेऊन तिच्यातच बिऱ्हाड करायचं ठरवलं आहे. हसू नकोस. एकसष्टाव्या वर्षी लोक यापेक्षा मोठा मूर्खपणा करतात.

मर्विन मदतीला आहे. तोच, रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या दुरुस्त करत तीस वर्षं हिंडलेला. पहिल्याच दिवशी तो मला म्हणाला, "तू पाच फूट एक इंच. तुला उंच टप हवं कशाला? बुटकी गाडी घे, निम्म्यात मिळेल, वाऱ्यात हलणार नाही, वाहनतळाच्या तोंडावरच्या आडव्या दांडीखालून जाईल."

"मला उंचच हवी," मी म्हटलं.

"अगं, पण का?"

"नऊ वर्षं आईच्या पलंगाशी वाकून काढली. आता ताठ उभं राहायचंय."

उत्तर खोटं नव्हतं, पण पूर्णही नव्हतं.

पहिली गाडी पाववाल्याची. टप उंच, आत लोणी-साखरेचा वास, मी तर भुललेच. मर्विन मात्र तिच्याखाली शिरला आणि तिथूनच ओरडला, "खालून एवढा ताजा काळा रंग कशाला फासलाय हो?" विकणारा म्हणाला, "काळजी घेतो आम्ही गाडीची." मर्विनने स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तो केकमध्ये शिरावा तसा आत गेला. नुसता गंज. मग घरी येऊन इंटरनेटवर गाडीचा नंबर टाकून बघितलं, तर दरवर्षीच्या तपासणीत तिला काय काय म्हटलं होतं ती सगळी कुंडलीच निघाली. आता मी आधी कुंडली बघते आणि मगच बसचं तिकीट काढते. माणसांचंही असं नंबर टाकून बघता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

दुसरीचं नंतर कळवेन. एकच विचारायचं होतं. पुढच्या खिडकीतली तुझी ती हिरवी खुर्ची अजून तिथेच आहे ना? की हलवलीस?

तुझी बहीण,
नेस्टा


पोर्थवेन, ९ एप्रिल

प्रिय इमलिन,

खुर्चीचं उत्तर आलं नाही. पण शनिवारी बसने तुमच्या रस्त्यावरून गेले तेव्हा तू तिच्यातच बसलेला दिसलास, मांडीवर पेपर आणि नजर समुद्रावर. प्रकृती छान दिसली तुझी.

गाडी घेतली. दुसरी नाही, तिसरी. दुसरी एका तरुण जोडप्याची होती. आतून लाकूड, गादी, शेगडी, डाव्या बाजूला ही एवढी मोठी खिडकी. मुलगी म्हणाली, "सकाळी इथे चहा घेऊन बसलं ना, की जग आपलं वाटतं." किंमतही बसत होती. मर्विनच्या डोळ्यांत तर पाणी यायचं बाकी होतं. मी म्हटलं, "डावीकडे काच नको."

"वेडी आहेस का?" रस्त्यावर आल्यावर तो कडाडला. "लोक उजेडासाठी पत्रा कापून घेतात आणि तुला आयती खिडकी नको?"

"डावीकडे नको. उजवीकडे चालेल."

"डावीकडे असं आहे तरी काय?"

सांगितलं नाही. तुला सांगते. डावीकडे तू आहेस.

आईच्या दिवशी, दफन उरकून सगळे तुझ्या घरी चहाला जमले होते, आठवतं? लोक डेलिथचा केक वाखाणत होते आणि मी तुझ्या हिरव्या खुर्चीत जाऊन बसले होते, कारण माझं कंबरेचं ऑपरेशन ताजं होतं आणि उंच खुर्ची ती एकच होती. समोर अख्खी खाडी. तेवढ्यात पोस्टाची छोटी गाडी येऊन थांबली. तिच्या टपावरून समुद्र दिसतच राहिला. मग वाणसामान पोचवणारी उंच गाडी तिच्या जागी आली, आणि इमलिन, समुद्र गेला. सगळा. राहिला तो नुसता पत्रा. तू माझ्यामागे उभा राहून म्हणालास, "हा मेला हलत का नाही?" चार मिनिटं होती ती गाडी. चार मिनिटं तुला धड उभं राहवत नव्हतं.

मला उंच टप का हवं होतं ते आता तुला कळलं.

ही गाडी हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्यांकडची. एकच मालक, इंजिनाचा पट्टा बदलल्याची पावती, खालून स्वच्छ, धावलेली मात्र भरपूर. मर्विनने आधी इंजिनावर हात ठेवून ते गार असल्याची खात्री केली, कारण लबाड लोक गिऱ्हाईक यायच्या आत गरम करून ठेवतात, आणि मगच किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात सुरू झाली. बाजूंना काच नाही. रंग पांढरा. लांबी तुझ्या खिडकीपेक्षा दोन हात जास्तच भरते.

नगरपरिषदेच्या कार्यालयातल्या बाईंना विचारून आले. कर, विमा, तपासणी चोख असेल तर तुमच्या रस्त्यावर गाडी उभी करायला आडकाठी नाही. त्या म्हणाल्या, "फक्त कोणाच्या गाडीवाटेसमोर लावू नका. फूटपाथ उतरता केलेला असतो ना, तिथे." तुझ्या दारात तसा उतार होता. होता ना? परक्या गाड्या येऊन वळवून घेतात, दृश्य बिघडतं, म्हणून तूच अर्ज करून तो बुजवून घेतलास आणि तिथे दगडी बाक बसवलास. तुझं कौतुक करावं तेवढं थोडं.

म्हणशील, घर गेलं म्हणून ही सूड उगवते आहे. घर घे. आईने घर तुझ्या नावावर करायच्या कागदावर सही कधी केली तेही मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. मी हॉस्पिटलात होते ते दोन आठवडे आईला वृद्धनिवासात ठेवायचं आपण दोघांनी ठरवलं होतं. तिथे समुद्राकडची खोली रिकामी होती. मी तिथे काम करणाऱ्या ब्रॉनवेनला विचारलं, ती शपथेवर सांगते. तू मागची घेतलीस. "तिला आता दिसतं कुठे, काय फरक पडतो," हे तुझे शब्द. मागच्या खोलीच्या खिडकीपुढे स्वयंपाकघराची भिंत आहे. पांढरी. आईला दिसत होतं, इमलिन. ती रोज ब्रॉनवेनला विचारायची, "समुद्र कुठे नेला गं?"

एकोणीस दिवस. मग ती तिथेच गेली.

भेटूच.

नेस्टा


तुझ्या दारासमोर, ३ मे

इमलिन,

हे पत्र तुझ्या दारातून आत टाकते आहे. पोस्टाचा खर्च वाचला.

परवा सकाळी तू गाऊनवरच बाहेर आलास आणि पत्र्यावर मुठी मारल्यास, ते सगळं ऐकलं. "नेस्टा, लाज वाटते का? शेजारी बघतायत!" शेजारी बघतच होते. पलीकडच्या मिसेस प्रॉसर मला फ्लास्कमधून चहा देऊन गेल्या आणि म्हणाल्या, "किती दिवस आहात?" मी म्हटलं, "एकोणीस." डेलिथ बिचारी रडली, त्याचं मला वाईट वाटलं. तुझं नाही वाटलं. तू पोलिसाला बोलावलंस, त्याने कागद बघितले आणि चाकं चांगली आहेत म्हणाला. काल तू खुर्ची वरच्या मजल्यावर नेत होतास, जिन्यात अडकली म्हणे. अडकू दे.

मला वाटलं होतं, पोटात थंडावा पडेल. पडला. खोटं कशाला बोलू? पहिल्या सकाळी मी पोटभर न्याहारी केली.

पण काल दुपारी मर्विन करवत घेऊन आला. उजव्या बाजूला खिडकी कापायची, समुद्र माझ्याकडे आणि पत्रा तुझ्याकडे, असं मीच ठरवलं होतं. त्याने पेन्सिलीने चौकोन आखला आणि म्हणाला, "बस बघू पलंगावर, तुझ्या डोळ्यांच्या उंचीला घेतो." मी बसले. समोर पांढरा पत्रा आणि त्यावर चौकोन. आणि मी त्याला म्हटलं, "जा तू. नको कापू."

"आता काय झालं?"

तुला सांगते काय झालं, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. दोन आठवडे ठरले होते. चौदाव्या दिवशी आई घरी यायची होती. मी बाराव्याच दिवशी घरी आले होते. काठी घेऊन चालत होते, तिच्यापुरतं करू शकले असते. त्या रात्री मी सलग झोपले. हाक नाही, घंटी नाही, नऊ वर्षांत पहिल्यांदा. सकाळी निवासात फोन केला आणि म्हटलं, आणखी एक आठवडा ठेवा. त्यांनी विचारलं, "आईशी बोलता का?" मी म्हटलं, "नको, ती रडेल."

शेवटचे पाच दिवस मी दिले आहेत तिला. चौदा तुझे, पाच माझे.

तुला मी माफ करत नाही. गाडी इथून हलणार नाही, एकोणिसावा दिवस भरेपर्यंत. तू तुझ्या बाजूने बघ. मी माझ्या बाजूने बघते आहे, पत्रा तोच आहे.

त्याच आईची मुलगी,
नेस्टा