बारावीचा सोनेरी पट्टा

बाबा, तुमची नात बारावीला शाळेत पहिली आली. इथे पहिल्या आलेल्यांना काळा झगा, चौकोनी टोपी आणि गळ्यात सोनेरी पट्टा घालून स्टेजवर नेतात. बाहेर मस्कतचं ऊन अंग भाजून काढतंय आणि पोरं झग्यात! हे कुणाचं डोकं, असं मी तिला विचारलं. तर म्हणाली, "मम्मा, खूप ओल्ड ट्रॅडिशन आहे. युरोपमध्ये थंडी असायची ना, म्हणून तिथले स्कॉलर्स असं घालायचे." तिकडच्या थंडीचा मान इकडच्या उन्हात, चालायचंच. तुमचे जावई वाळवंटात साइटवर, सुट्टी मिळाली नाही. त्यांच्या खुर्चीवर पर्स ठेवून मी एकटीच बसले होते.

मला आपल्या गावचा गुणगौरव आठवत होता. मी दहावीला पहिली आले तेव्हा देवळासमोर शाल आणि नारळ दिला होता, सरपंचांचं भाषण संपता संपत नव्हतं. तुम्ही पिठाची गिरणी बंद करून आलात, भुवया पांढऱ्याच. मग माझ्याआधी घाईघाईने घरी निघून गेलात, तेव्हा मला रागच आला. मी घरी पोचते तर तुम्ही उंबऱ्यात निरांजनाचं ताट घेऊन उभे. शेजारची काकू हसते, "बापयमाणूस कधी ओवाळता काय?" आई जाऊन तेव्हा वर्षही झालेलं नाही. तुम्ही म्हणता, "आवस नाय म्हणान चेडवान तसाच घरात येवचा काय?" आईविना पोरीला न ओवाळता घरात घ्यायचं तुम्हाला पटत नव्हतं. ताट तुम्ही उलट्या बाजूने फिरवता, मी हसू दाबते, आणि मग दोघंही रडतो.

तुमचं बघून मीही समारंभ संपल्यासंपल्या टॅक्सी करून अल हैलला घरी आले. कुंकू कालवलं, निरांजन लावलं, दाराशी उभी राहिले. फोन आला, "मम्मा, आम्ही सगळे फ्रेंड्स बाहेर जेवतोय. ओके ना?" ओके म्हटलं. वात विझली, दुसरी लावली नाही. संध्याकाळी आली तेव्हा ताट बघून तिने विचारलं, "तू वेट करत होतीस?" मी म्हटलं, "छे गं, देवाचं आहे ते." तिने पट्टा सोफ्यावर टाकला आणि खोलीत जाऊन बॅग भरायला घेतली. ती कॅनडाला चालली आहे. इथली मुलं बारावी झाली की जातातच, त्यात तिचा काय दोष.

तुम्ही गेल्यावर हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, म्हणूनच लिहिता येतंय. तिचं नाव पुकारलं तेव्हा सगळ्यांच्या आधी टाळ्या मी वाजवल्या. आणि टाळ्या वाजवता वाजवता मनात आलं, एखादा विषय राहिला असता तर अजून एक वर्ष घरी राहिली असती. पोटच्या पोरीबद्दल असं! देवापुढे बोलायची हिंमत होत नाही. बाबा, मी कॉलेजला मुंबईला निघाले तेव्हा तुमच्याही मनात असलं काही आलं होतं का? आलं असेल तर मला फार बरं वाटेल.