माठाजवळचे वाचक

लातूर,
१२ एप्रिल १९८६

सिंधुताईंना सप्रेम जय भीम.

नांदेडच्या तुमच्या संशोधन-वर्गात आम्हा ग्रंथपालांना अर्धाच कप चहा मिळाला, याचा मी गांभीर्यपूर्वक निषेध करतो. दुष्काळ मान्य, पण मग बशी कशाला दिलीत? घरी खुशाली. घासायला भांडी कमीच निघतात, तेवढंच पाणी वाचतं.

माझा निबंध तुम्ही परत पाठवलात. ‘दुष्काळात वाचन वाढते’ हा माझा थोर शोध. आमच्या कॉलेजची वृत्तपत्र-खोली गावालाही खुली आहे. तिथं यंदा दुप्पट माणसं येऊ लागली, म्हणून प्राचार्य आप्पासाहेब खूश. नव्या जिल्ह्याचं नाव होणार होतं. तुम्ही समासात एवढंच लिहिलंत, ‘त्यांना विचारलंत का?’

ताई, वीस वर्षांत ‘शांतता राखा’ यापलीकडे मी वाचकाशी बोललेलो नाही. तरी तुम्ही शिकवलंत तसं, उत्तर त्याच्या तोंडात न घालता विचारलं. लिंबाजी म्हणून एक म्हातारे दुपारभर पेपर धरून बसतात.

"इथं कशासाठी येता?"

"माठाचं पानी थंड हाय. अन् पेपर हातात असला की कुनी उठ म्हनत न्हाई."

बाकीच्यांची उत्तरंही माठाभोवतीच फिरली. मग लिंबाजींनीच मला धरलं. "साहेब, तुमी तर रविवारी बी कुलूप काढून बसता. तुमच्या घरी नळ हाय म्हनं?"

मी पेन्सिलीला टोक करायला घेतलं.

खरं लिहिलं तर आप्पासाहेब म्हणणार, ही काय पाणपोई आहे? माठ उचलला की माणसं उठतील. मग उरणार मी आणि पंखा. आठ दिवस वाटत होतं, जुनाच निबंध ठेवावा. तुमच्याशिवाय तपासणार कोण?

आज नवा लिहून सोबत पाठवतोय. माणसं पाण्यासाठी येतात, असं पहिल्याच ओळीत आहे. एक प्रत आप्पासाहेबांच्या टेबलावर ठेवून आलो.

विचारणाऱ्यानंही उत्तर द्यावं लागतं, असं तुम्ही वर्गात म्हणाला होतात. लिंबाजींचं माझ्याकडे राहिलं होतं. दुपारी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, "सुमन, माझी बायको, वारल्यापासून घरात आवाज नाही. म्हणून येतो."

पेपरचं आतलं पान काढून त्यांनी माझ्या हातात दिलं.

तुमचा विद्यार्थी, आणि इथला एक वाचक,
निवृत्ती